आवाज झाकायचा पत्रा

अण्णा, तुम्ही आईला आत मारायचात तेव्हा मी बाहेर दुकानात बसून पत्रा ठोकत असायचे, हे मी एका परक्या बाईंना सांगून टाकलं आहे. त्या क्रांती चौकाजवळ एका औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर बसतात आणि मनाच्या दुखण्याचं बघतात. शेजारीच दातांचा दवाखाना आहे, ते एक बरं. जिना चढताना मी गालावर हात ठेवते, ओळखीचं कुणी भेटलंच तर दाढ दुखते म्हणून सांगायला. वडिलांना पत्र लिहा, पाठवायचं नाही, असं त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, पाठवणार कुठं, त्यांना जाऊन जमाना झाला. आणि असतात तरी तुम्ही वाचलं नसतं. मापाच्या चिठ्ठीपलीकडं कागद हातात धरायचा तुम्हाला कंटाळा. पण तुमच्याशी भांडायचं राहिलंय ते राहिलंच आहे, म्हणून लिहिते.

आपलं दुकान गुलमंडीच्या मागच्या गल्लीत. पुढं दुकान, मध्ये पडदा, मागं आपण तिघं राहायचो ती खोली. होळीच्या आधीपासून कूलर, पावसाळा आला की धान्याच्या कोठ्या, लग्नसराईत पत्र्याच्या पेट्या. सकाळपासून दणदणाट चालायचा आणि गल्लीला त्याची इतकी सवय झालेली, की आवाज थांबला तरच लोक डोकावून बघायचे. समोरच्या खाला मला हाक मारून म्हणायच्या, "तुम्हारे अब्बा के जैसा मेहनती आदमी मैं नै देखी. दोपहर कू भी आराम नक्को उनकू." मी मान हलवायचे. दुपारच्या वेळी आपल्या दुकानात कुठलं काम चालतं ते गल्लीत मला एकटीला माहीत होतं, आणि मी तेव्हा तिसरीत होते.

मारायच्या आधी तुम्ही ओरडत नव्हता. तुमचा चेहरा उलट निवायचा. हातातली कातर जागेवर ठेवायचात, शटर निम्मं खाली ओढायचात, कोपऱ्यातला पोचे पडलेला एक जुना पत्रा माझ्यापुढं टाकायचात. "ठोक. मी सांगेस्तोवर थांबायचं नाय." मग पडदा बाजूला व्हायचा आणि परत पडायचा. मी ठोकायचे. आईचा आवाज चढला की जोरानं, तो खाली आला की जरा हळू. कुणी शिकवलं नव्हतं, हाताला आपोआप कळायचं. कधी हात भरून यायचा, ठोका ढिला पडायचा, की तुम्ही पडद्याबाहेर यायचात. श्वास फुललेला, बनियन पाठीला चिकटलेली. माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं विचारायचात, "दमली व्हय गं?" आणि परत आत जायचात. त्या हाताला आईच्या केसांचं खोबरेल लागलेलं असायचं. माझ्या फ्रॉकच्या खांद्याला त्याचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत राहायचा, आणि आजही मी केसांना खोबरेल लावत नाही.

एक दिवस मला सगळाच्या सगळा आठवतो. पैठणकडचं एक गिऱ्हाईक कूलर घ्यायला आलं आहे. तुम्ही पंखा चालू करून दाखवता, आणि चहा घेऊन आलेली आई सहज बोलून जाते, "पाती उलटी बसली वाटतं ओ, हवा मागंच चाललीय." खरंच उलटी बसलेली असते. गिऱ्हाईक हसतं, म्हणतं, "मालकीणबाई तुमच्यापेक्षा हुशार हायेत." तुम्हीही हसता. पाती काढता, सुलटी बसवता, कूलर टेम्पोत चढवून देता, टेम्पो वळेपर्यंत हात हलवता. मग शटर खाली. मी हातोडा उचलते. त्या दिवशी पडदा नीट पडलेला नाही, एका बाजूनं वीतभर उघडा आहे. तुम्ही आईचा अंबाडा मुठीत धरलाय आणि तिचं डोकं कूलरच्या रिकाम्या बॉडीवर आपटताय. "लई कळतं व्हय तुला? लई कळतं?" एकेका शब्दाला एकदा. बॉडी पोकळ, ती घुमते. मग तुम्ही तिला सरळ उभी करता आणि डाव्या कानावर उघड्या हातानं हाणता. ती खाली बसते, ओरडतसुद्धा नाही. तिच्या कानातून एक बारीक लाल ओघळ मानेवर येतो आणि मी त्याच्याकडं बघत ठोकत राहते, तुमच्या हाताशी माझा हात जुळवून. संध्याकाळी आई मला म्हणाली, "इकडून बोल, बाई. तिकडून ऐकू येईना." तो कान त्यानंतर कधी उघडलाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, हिला एवढंच आठवतं. तसं नाही, अण्णा, तेच तर दुखणं आहे. तुम्ही मला पत्र्याची कडा सरळ मोडायला शिकवलीत, ती मला अजून येते. रिव्हेट कुठं घ्यायचा, डोळ्यानं माप कसं धरायचं, सगळं शिकवलंत. गिऱ्हाइकांना सांगायचात, "पोरगी नाय ओ, वाघ हाय वाघ." आणि पाचवीला मी पहिली आले तेव्हा तुम्ही मला हातोडा आणून दिलात. माझ्या हाताच्या मापाचा, शिसवी दांड्याचा, दांडा तुम्ही स्वतः घासून गुळगुळीत केलेला. मी तो उशाशी घेऊन झोपायचे. मला इतका आनंद झाला होता की दुसऱ्या दिवशी तुम्ही शटर कधी खाली ओढता याची मी वाट बघितली. हे वाक्य त्या बाईंसमोर माझ्या तोंडून निघालं आणि मी उठून जिन्यात जाऊन ओकले. दातांच्या दवाखान्यातल्या मुलीनं पाणी आणून दिलं, तिला वाटलं इंजेक्शनची भीती बसली असेल.

एकदा मी ठोकायचं थांबवलं होतं. तुम्हाला आठवत असेल. सातवीत असेन, शाळेत कुणीतरी म्हणालं होतं की पोलिसात सांगितलं की ते येतात. पोलिसात जायची छाती नव्हती, पण मनात आलं, हात थांबवला तर निदान खाला तरी ऐकतील. मी हातोडा मांडीवर ठेवला. गल्लीत एकदम शांत झालं. आतून पट्ट्याचा आवाज आला, मग आईचा, खूप उघडा. समोरच्या खिडकीत खाला उठून उभ्या राहिलेल्या मला दिसल्या. आणि तेवढ्यात आतून आईच ओरडली, "ठोक की गं! ठोक बाई, ठोक!" मी घाबरून जे ठोकायला लागले ते अंगठ्यावर घाव बसला तरी थांबले नाही. खाला खाली बसल्या. तुम्हीच तिला तसं ओरडायला लावलंत, असं मी इतकी वर्षं धरून चालले.

तुम्ही दुकानातच गेलात, मे महिन्यात, अर्धवट कूलरवर डोकं टेकून. गल्ली लोटली. असा घाम गाळणारा माणूस होणे नाही, असं जो तो म्हणत होता. आई खरंच रडली, मला त्याचा राग आला. पुढं मी शिकले, एका औषधाच्या कंपनीत खरेदीचं काम बघायला लागले, लग्न केलं. शहराचं नावसुद्धा बदललं. नवरा मी बघून-सवरून केला, अण्णा. आवाज न चढवणारा, चिडला की गप्प होणारा, लहान पोरांच्या शाळेत चित्रकला शिकवणारा. म्हटलं, आता शटर कायमचं वर. हात उगारणाऱ्या माणसाशी लग्न करायचं नाही एवढंच मी ठरवलं होतं. हात माझ्याकडंही आहेत, हे लक्षातच आलं नाही.

पहिल्यांदा मी पातेलं फेकलं. ते भिंतीला लागलं, आम्ही दोघं हसलो. नंतर फेकलेलं अंगाला लागायला लागलं. तो भांडणात गप्प बसला की माझ्या डोक्यात काहीतरी निवायचं, तुमचं निवायचं तसंच. मी जाऊन मिक्सर लावायचे. शेंगदाणे टाकून, नाहीतर डाळ टाकून, आणि तो घरघरायला लागला की लाटणं घ्यायचे. दंडावर, पाठीवर, एकदा नडगीवर. तो हात आडवे धरायचा आणि म्हणायचा, "पुरे, पुरे आता." त्याचा आवाज मला मिक्सरमध्ये नीट ऐकू यायचा नाही, म्हणून मी आणखी मारायचे. आमच्या शेजारच्या वहिनी कौतुकानं म्हणायच्या, तुमच्याकडं चटण्या लई होतात बाई. एप्रिलच्या उन्हात तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून शाळेत जायला लागला. तिथं कुणी विचारलं तर गाडीवरून घसरलो म्हणून सांगायचा. आईही घसरायचीच की. ऐकून मला लाज वाटायची आणि त्या लाजेचा राग परत त्याच्यावरच निघायचा. असला न्याय मी तुमच्याकडून उचलला.

आमची मुलगी दुसरीत आहे. मार्चमधल्या एका रविवारी, गॅसचा नंबर लावायचं नवरा विसरला एवढ्यावरून, मी तोंड सोडलं होतं. अजून हात उठलेला नव्हता, मी जागची हललेही नव्हते. आणि स्वयंपाकघरातून मिक्सर सुरू झाल्याचा आवाज आला. बघते तर पोरगी स्टुलावर चढलेली. भांडं रिकामं, झाकण हातानं दाबून धरलेलं, आणि ती आमच्याकडं पाठ करून भिंतीकडं बघत उभी. नवऱ्यानं जाऊन बटण बंद केलं. तिला खाली उतरवलं. ती त्याला म्हणाली, "झालं का?" बाकी काही नाही, झालं का. त्या रात्री तो मला आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. "मला मारलंस ते मी खाल्लं. माझं मी बघून घेतलं असतं. पण हे नाय. तू कुणाला तरी दाखव, आतापासून. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत बघीन, आणि हात परत उठला तर पोरीचं नाव माझ्या भावाच्या गावच्या शाळेत घालीन. तू अडवलंस तरी थांबणार नाय." बोलताना त्यानं हात आडवे धरलेले होते. मी त्याच्याकडं बघितलं आणि मला कळलं की हा घाबरलाय, आणि मलाच घाबरलाय. त्याआधी कुणी मला घाबरेल असं कधी वाटलंच नव्हतं.

म्हणून तो जिना. पहिल्या दिवशी काय झालं सांगते, तुम्हाला हसू येईल. बाईंच्या खोलीत कूलर चालू होता. मी बसता बसता रिव्हेट बघितले, वाकडे. कूलरच्या आवाजात मी घडाघडा बोलत होते, माहेरचं, नोकरीचं, हवापाण्याचं. बाईंनी उठून कूलर बंद केला आणि म्हणाल्या, "आता सांगा." माझी दातखीळ बसली. तो पूर्ण तास मी घामानं निथळत बसून राहिले, खालच्या रिक्षांचे हॉर्न मोजल्यासारखे ऐकत. पुढच्या वेळीही तेच. बाई कंटाळल्या नाहीत, वहीत डोकंही घातलं नाही, पदरानं वारा घेत बसल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी एवढंच विचारलं, "आवाज बंद झाला की तुम्हाला काय ऐकू येईल असं वाटतं?" मी म्हटलं, आई. आणि मग ते पत्र्याचं सांगितलं, शांततेत, माझा मला आवाज ऐकू येत असताना. आधी किती विचित्र वाटलं ते तुम्हाला नाही कळायचं. बाईंनी मला थोडीच पथ्यं लावून दिली. घरात भांडण होईल ते होऊ द्या, पण आवाज झाकायचा नाही, खिडक्या उघड्या ठेवायच्या. हात शिवशिवला की खोलीबाहेर पडायचं. आणि आई आहे तोवर तिला जे विचारायचंय ते विचारून घ्या.

आई आता हर्सूलला असते, मामांच्या शेजारी दोन खोल्यांत. मी गेले तेव्हा मेथी निवडत होती. मी तिच्या उजव्या बाजूला बसले आणि विचारलं, अण्णा मला पत्रा ठोकायला बसवायचे, तुला राग नाही आला कधी? ती मेथी निवडतच राहिली. म्हणाली, "त्यांनी कुठं बसवलं. मीच म्हणलं त्यांना." मला वाटलं तिला प्रश्न ऐकू आला नाही. परत विचारलं. "ऐकलं की गं. मीच म्हणलं व्हतं. मारायचं तं मारा, म्हणलं, पर पोरीला बाहीर ठोकाया बसवा. गल्लीत इज्जत काय राहील? तुझं लगीन व्हायचं पुढं. अन् हातात काम असलं म्हंजी तू आत येणार नाय. ठोका ऐकू येस्तोवर मला घोर नसायचा, पोरगी बाहीर हाय, तिला काय व्हईना." मग तिनं मान वर केली. "ते एकदा थांबलीस तू, तवा माझा जीव गेला. वाटलं, आता हे पोरीकडं जातेत."

अण्णा, माझा हात मुठीत वळला. तिच्यावर. पाठ वाकलेल्या, एका कानानं बहिऱ्या बाईवर. तिच्या तोंडावर मारावं, तिचं ते निवांत मेथी निवडणं थांबवावं, असं सगळ्या अंगातून वर आलं. तिनं माझी मूठ बघितली, आणि बसल्या बसल्या डावा खांदा वर घेऊन मान आत ओढली. इतक्या वर्षांनी, माझ्यापुढं. मी चप्पलसुद्धा न घालता बाहेर पडले आणि हर्सूलच्या तळ्याच्या कडेनं तापलेल्या रस्त्यावर पाय भाजेपर्यंत चालत राहिले. परत आले तर तिनं भाजी फोडणीला टाकली होती. मी जेवले. तुमच्या खात्यावरचं हे एक पाप मी काढून घेते, अण्णा. पोरीच्या हातात हातोडा देऊन घराची अब्रू वाचते, हे गणित आईचं होतं. त्या गणिताची गरज तुमच्यामुळं पडली, ते मात्र तुमच्याकडंच राहील. बाकीचंही सगळं.

जून सुरू व्हायला चार दिवस होते आणि आमचं भांडण झालं. नवऱ्यानं पोरीच्या वह्यांना कव्हरं घालायची कबूल केली होती आणि घातली नव्हती. मी ओरडले. खिडक्या उघड्या होत्या, मिक्सर गप्प होता, आणि माझा आवाज जिन्यापर्यंत जात होता. तो गप्प बसला, मान खाली. पोरगी टेबलाशी बसून आमच्याकडं बघत होती. बेल वाजली. दारात शेजारच्या वहिनी, गाऊनवर ओढणी घेतलेल्या, ओशाळलेल्या. "काय झालं ओ? नाय म्हणजे, आवाज लई यायला लागला म्हणून." आपल्या गल्लीत एवढ्या वर्षांत आपलं दार कुणी वाजवलं नव्हतं, कुणी वाजवू नये म्हणूनच तर तो पत्रा होता. मी म्हणणार होते, काही नाही, टीव्ही. मी म्हणाले, "भांडण लागलंय आमचं, वहिनी. मी यांना मारते. जरा आत येऊन बसता का?" त्यांचं तोंड उघडं राहिलं. पण वहिनी आत आल्या. सोफ्याच्या कडेला बसल्या, पंख्याकडं बघत, हातातला मोबाइल उलटसुलट करत. नवऱ्यानं उठून चहा टाकला. पोरीनं वहिनींना वही दाखवली आणि दोघी कव्हरं घालायला बसल्या. मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले, हात कठड्यावर, बराच वेळ.

आता पावसाळा लागलाय. शाळा उघडली, पोरगी इथल्याच शाळेत जाते, नवरा कोपरापर्यंत बाह्या दुमडून भांडी घासतो. भावाच्या गावचा विषय त्यानं परत काढलेला नाही, सोडला असंही म्हणालेला नाही. बाईंना मी त्या दिवसाचं सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. "तुम्ही स्वतः हात आवरलात," त्या म्हणाल्या, आणि मी हो म्हटलं. नवऱ्यालाही तेच वाटतं, कारण त्याची मान खाली होती. पण बेल वाजली तेव्हा लाटणं माझ्या हातात होतं, अण्णा, डोक्याच्या वर, आणि मी त्याचं डोकं बघून ठेवलं होतं. हात मी आवरला नाही. वहिनी आल्या म्हणून तो खाली आला.